करकायद्याची उच्च पदवी: अधिकार कोणता, ज्ञान कोणते

प्रश्न कुठून येतो

बी.कॉम. होऊन एखाद्या सीएच्या कार्यालयात दोन-तीन वर्षे विवरणपत्रे भरलेला तरुण, नुकतीच वकिलीची सनद मिळालेली विधी पदवीधर, नोकरीत स्थिरावलेला सनदी लेखापाल. या तिघांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न येतो: करआकारणी या विषयात आणखी एक पदवी घ्यावी का? प्रश्न एक असला तरी उत्तरे तीन निघतात, कारण तिघांच्या हाती आधीपासून असलेले अधिकार वेगवेगळे आहेत. भारतात करविषयक कामाचा मोठा भाग कायद्याने राखून ठेवला आहे. कोणत्या कागदावर कोणाची सही चालते, कोणत्या प्राधिकरणापुढे कोण उभे राहू शकते, हे कायदा सांगतो, आणि त्या यादीत उच्च पदवीला जवळजवळ स्थानच नाही. उच्च पदवीने ज्ञान मिळते. अधिकार मिळतो तो दुसरीकडून. हा भेद प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापायला हवा. तो न कळल्यामुळे विद्यार्थ्यांची वर्षे आणि घरच्यांची बचत, दोन्ही खर्ची पडतात.

उच्च शिक्षणाचे प्रकार

करविषयक उच्च शिक्षण भारतात एका ठिकाणी मिळत नाही. ते वाणिज्य, विधी आणि व्यावसायिक संस्था यांच्यात विभागलेले आहे. वाणिज्य शाखेत एम.कॉम. असते, आणि काही विद्यापीठांत लेखाकर्म व करआकारणी असा विशेष विषयगट घेता येतो. विधी शाखेत एलएलएम असते. ती पूर्वी दोन वर्षांचीच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास एक वर्षाच्या एलएलएमलाही वाट करून दिली. तिच्यात करकायदा बहुधा व्यापारी कायद्यांच्या गटाचा एक भाग म्हणून येतो, पूर्ण पदवीभर नव्हे. पुणे विद्यापीठाशी संलग्न विधी महाविद्यालयांत ‘डीटीएल’ या नावाने ओळखली जाणारी करकायद्याची पदविका आहे. नोकरी करणारे पदवीधर तिच्याकडे वळतात. व्यावसायिक संस्थांपैकी सनदी लेखापालांची संस्था आपल्या सभासदांसाठी आंतरराष्ट्रीय करआकारणीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनची ‘एडिट’ ही परीक्षा भारतात बसूनही देता येते.

सीए हा अभ्यासक्रम या यादीत धरला जात नाही, पण तुलना करताना त्याला वगळून चालत नाही. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत सीएच्या अंतिम परीक्षेला सहा विषय आहेत. त्यांतील एक प्रत्यक्ष कर व आंतरराष्ट्रीय करआकारणीचा, एक अप्रत्यक्ष करांचा. म्हणजे एकतृतीयांश अभ्यास कराचाच, आणि त्याला दोन वर्षांच्या आर्टिकलशिपची जोड. बहुतेक एम.कॉम. आणि एलएलएम अभ्यासक्रमांत करविषयाला एवढी जागा मिळत नाही.

सही आणि हजेरी

अधिकारांचा हा भाग नीट समजला, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २८८ ने करदात्याच्या वतीने कोण हजर राहू शकतो ते ठरवले होते: नातेवाईक, नियमित कर्मचारी, वकील, सनदी लेखापाल, लेखाकर्माची मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती आणि विहित शैक्षणिक पात्रता असलेली व्यक्ती. ही विहित पात्रता आयकर नियमांत दिलेली आहे, आणि ती वाणिज्य किंवा विधी शाखेची साधी पदवी एवढीच आहे. आयकर अधिकाऱ्यापुढे, आयुक्तांकडील अपिलात आणि आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढेही असा प्रतिनिधी उभा राहू शकतो. म्हणजे बी.कॉम. झालेल्या व्यक्तीला जो अधिकार आधीच आहे, त्यात एम.कॉम. ने भर पडत नाही.

करलेखापरीक्षणाची गोष्ट वेगळी. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायाच्या हिशेबांवर लागणारा अहवाल फक्त ‘लेखापाल’ या व्याख्येत बसणारी व्यक्ती देऊ शकते, आणि ती व्याख्या सनदी लेखापालापुरतीच आहे. १९६१ च्या अधिनियमाच्या जागी आलेल्या आयकर अधिनियम, २०२५ ची चर्चा चालू असताना परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव यांना तिच्यात घ्यावे अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. करशास्त्रात पीएच.डी. मिळवलेली, पण सीए नसलेली व्यक्ती करलेखापरीक्षण अहवालावर सही करू शकत नाही.

उच्च न्यायालयाची वेस वकिलांसाठीच उघडी आहे. न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे प्रभावी युक्तिवाद करणारा सनदी लेखापालही तेच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले की मागच्या बाकावर बसतो आणि वकिलाला टिपणे पुरवतो. हा अधिकार देते ती एलएलबी, वकिली परिषदेची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. एलएलएमचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणूनच मुंबई-पुण्यात सीए झाल्यावर एलएलबी करणारे बरेच आढळतात. करक्षेत्रात सर्वांत जास्त अधिकार ज्या जोडीने हाती येतात ती हीच, आणि तिच्यात ‘उच्च’ म्हणावी अशी पदवी एकही नाही.

वस्तू व सेवा कराच्या क्षेत्रात जीएसटी प्रॅक्टिशनर अशी वेगळी नोंदणी आहे. वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवस्थापन यांतील पदवीधर तिच्यासाठी पात्र ठरतात आणि त्यांना केंद्राच्या सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर अकादमीची परीक्षा द्यावी लागते. कायद्याने दिलेले अधिकार कायद्याने जातातही, हे याच क्षेत्रात दिसले. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळ विवरणपत्रावर सनदी किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र लागत असे. २०२१ च्या वित्त अधिनियमाने ते रद्द करून करदात्याचे स्वयंप्रमाणन पुरेसे मानले. त्या एका कामावर कार्यालय उभे केलेल्यांना एका हंगामात नवे काम शोधावे लागले.

महाराष्ट्रात आणखी एका परीक्षेचे नाव या संदर्भात घेतले जाते: सहकार खात्याची जीडीसी अँड ए. ती सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट उघडते, करकामाची नव्हे. पण पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण करताना त्यांचे करविषयक प्रश्न समोर येतातच. त्यामुळे तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही स्वस्त परीक्षा कित्येकदा महागड्या पदवीपेक्षा जास्त उपयोगी ठरते.

शासकीय सेवा

करखात्यात नोकरी मिळावी म्हणून करविषयक पदवी घेणारे विद्यार्थी आढळतात. ही समजूत पुरती चुकीची आहे. भारतीय महसूल सेवेची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते, आयकर निरीक्षकाची कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून, आणि राज्यकर निरीक्षक व सहायक राज्यकर आयुक्त यांची महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून. या सर्वांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. विषयाचे शिक्षण निवडीनंतर सरकारच देते. त्यासाठी प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी १९५७ पासून नागपुरात आहे.

अध्यापन

एका ठिकाणी मात्र उच्च पदवी अनिवार्य आहे. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिच्यासोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. यांपैकी एक. विधी महाविद्यालयात करकायदा शिकवायचा असेल तर एलएलएमला, वाणिज्य महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.कॉम.ला पर्याय नाही. इथे पदवीचे मोल पगारवाढीत मोजण्यात अर्थ नाही. तिच्याविना त्या नोकरीसाठी अर्जच करता येत नाही.

सखोल अभ्यास कुठे लागतो: उसाच्या दराचा वाद

अधिकार बाजूला ठेवून आता ज्ञानाकडे वळता येते. विवरणपत्रे भरण्याच्या अनुभवातून न मिळणारे असे कोणते ज्ञान आहे? सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसदराचा वाद हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत चांगले उदाहरण आहे.

कारखान्याच्या खातेवहीत ऊसखरेदी या नावाची एक ओळ असते. केंद्र सरकार उसाचा वैधानिक किमान दर ठरवत असे. सहकारी कारखाने पहिला हप्ता देत आणि हंगामाचा हिशेब लागला की त्या किमान दराच्या वर जाणारा अंतिम दर सभासदांना देत. आयकर विभागाने प्रश्न उभा केला की हा जादा पैसा उसाची किंमत आहे की सभासदांना वाटलेला नफा? किंमत असेल तर तो खर्च, आणि त्याची वजावट मिळते. नफा असेल तर आधी त्यावर कर भरायचा आणि मग वाटप करायचे. कारखान्यांचे म्हणणे सरळ होते: ऊस हा कच्चा माल आहे, त्यापोटी शेतकऱ्याला दिलेला प्रत्येक रुपया खर्चच आहे. विभाग म्हणत होता की दर वर्षाअखेरीस, नफा किती झाला ते पाहून ठरतो आणि घेणारा हाच कारखान्याचा मालक-सभासद आहे. मग ही खरेदी कशी?

याचे उत्तर आयकराच्या कलमांत शोधून सापडत नाही. त्यासाठी ऊस नियंत्रण आदेश, १९६६ उघडावा लागतो. त्यात १९७४ मध्ये घातलेल्या खंड ५अ ने किमान दराच्या वर, नफ्याशी निगडित असा अतिरिक्त दर देण्याची तरतूद केली होती. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० पाहावा लागतो, कारण सहकारी संस्थेने नफा कसा वाटायचा त्याचे नियम त्यात आहेत. आणि शेवटी उत्पन्न हाती येण्याआधीच दुसऱ्याचे झाले की हाती आल्यावर खर्च केले गेले, हा करशास्त्रातील जुना सिद्धांत लावावा लागतो. तीन वेगवेगळे कायदे एका ओळीपाशी येऊन मिळतात.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात दोन्ही टोकांची भूमिका स्वीकारली नाही. दरातील फरकात नफ्याचा अंश आहे आणि तेवढ्यापुरते ते नफ्याचे वाटप ठरते. तो अंश किती, हे आकारणी अधिकाऱ्याने कारखान्याचे हिशेब आणि दर ठरवण्याची पद्धत पाहून काढावे, असे न्यायालयाने सांगितले. संसदेने त्याआधीच, २०१५ च्या वित्त अधिनियमाने, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतच्या ऊसखरेदीला वजावट देऊन पुढील काळाचा प्रश्न सोडवला होता. मागच्या वर्षांची मागणी मात्र कारखान्यांच्या डोक्यावर तशीच होती. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्या जुन्या वर्षांसाठीही वजावट मागण्याची संधी दिली गेली, आणि त्यातून सहकारी कारखान्यांना सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले.

खतावणी करणाऱ्याला या सगळ्या वादात एक खाते दिसते. चांगल्या लेखापरीक्षकाला वजावटीचा प्रश्न दिसतो. तिन्ही कायदे एकत्र वाचायची सवय झालेल्याला मात्र वाद उभा राहण्याआधीच दिसू शकतो आणि दर जाहीर करण्याचा ठराव कसा लिहावा हेही सुचू शकते. ही सवय लावण्यासाठी मार्गदर्शक, ग्रंथालय आणि निवांत वेळ लागतो. चांगली उच्च पदवी हेच पुरवते, आणि तिचे खरे मोल इथे आहे. पतसंस्थांचा प्रश्नही याच जातीचा. सहकारी बँकांची करसवलत २००७ पासून काढली गेली, आणि मग पतसंस्था ही बँक ठरते का, यावर देशभर खटले चालले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माविलायी प्रकरणात पतपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या बाजूने निर्णय दिला. ज्या राज्यात सहकार एवढा पसरलेला आहे, तेथील प्रत्येक करविषयक अभ्यासक्रमात सहकारी संस्थांची करआकारणी हा स्वतंत्र भाग असायला हवा.

लेखी युक्तिवादाचे वाढलेले महत्त्व

आकारणीचे काम पूर्वी आयकर भवनात समोरासमोर चाले. अधिकारी शंका विचारत, सल्लागार तोंडी खुलासा करत, अर्धवट कागद पुढच्या तारखेला आणून देत. ऑगस्ट २०२० पासून चेहराविरहित आकारणी सुरू झाली. करदाता पुण्याचा, प्रकरण तपासणारा अधिकारी कुठल्या शहरात आहे ते ठाऊक नाही, आणि सगळा व्यवहार पोर्टलवरून. तोंडी सुनावणी मागता येते, तीही व्हिडिओवरून. पण प्रकरणाचा पाया लेखी उत्तरच. ओळख, अनुभव आणि बोलण्याची हातोटी यांचे वजन कमी झाले. मुद्देसूद, आधारासह लिहिण्याचे वाढले. वस्तुस्थिती, कायद्याची तरतूद, न्यायनिर्णय आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष या क्रमाने दोन पानांत उत्तर लिहिता येणे हे कौशल्य विधी शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासात, विशेषतः प्रबंध लिहिताना, चांगले घडते. वाणिज्य शाखेतून आलेल्यांना याची उणीव सर्वांत जास्त जाणवते, आणि एलएलबी किंवा करकायद्याची पदविका केल्याने त्यांना होणारा लाभ बराचसा याच बाजूने होतो.

आंतरराष्ट्रीय करआकारणी

एका देशातील कंपनीने दुसऱ्या देशात कमावलेल्या उत्पन्नावर कोणी, किती कर घ्यायचा, हा या शाखेचा विषय. भारताचे नव्वदहून अधिक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. एकाच समूहातील दोन कंपन्यांनी परस्परांना लावलेली किंमत बाजारभावाशी जुळते का, हे तपासणारे ट्रान्सफर प्रायसिंगचे नियम २००१ पासून भारतीय कायद्यात आहेत. मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद येथील मोठ्या सल्लागार संस्थांत यासाठी स्वतंत्र विभाग असतात, आणि उच्च शिक्षणाचा नोकरीवर थेट परिणाम दिसतो तो याच विभागांत.

‘एडिट’ परीक्षेची रचना इथे लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे तीन भाग आहेत: आंतरराष्ट्रीय करआकारणीची तत्त्वे, एका देशाची करव्यवस्था आणि ट्रान्सफर प्रायसिंगसारखा एखादा विशेष विषय. दुसऱ्या भागात भारताची करव्यवस्थाही निवडता येते. नोकरी न सोडता ती देता येत असल्याने, तीन-चार वर्षे या विभागात काम केलेल्या सनदी लेखापालाच्या दृष्टीने ती बहुतेकदा पूर्णवेळ पदवीपेक्षा सरस ठरते. मात्र ती परीक्षा आहे, परवाना नाही. भारतात ती कोणताही नवा अधिकार देत नाही.

परदेशातील पदवी

नेदरलँड्समधील लायडन, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठ येथील करविषयक एलएलएम जगभर नावाजलेल्या आहेत. लायडन आणि व्हिएन्ना यांचा भर करारांवर आणि अनेक देशांच्या तुलनेवर असल्याने तेथील ज्ञान भारतात परतल्यावर थेट वापरता येते. अमेरिकेतील करविषयक एलएलएम मुख्यतः तिथल्या संघीय करकायद्याची आहे आणि तिथे वकिली करू पाहणाऱ्यांसाठी घडवलेली आहे. ती घेऊन भारतात परतणाऱ्याला बराचसा अभ्यास बाजूला ठेवावा लागतो. न्यूयॉर्क विद्यापीठात अन्य देशांतील वकिलांसाठी आंतरराष्ट्रीय करआकारणीची वेगळी एलएलएम आहे, ती या अडचणीवरचाच उपाय.

अमेरिकेच्या करकामाशी संबंध जोडण्याचा एक मार्ग मात्र पदवीतून जातच नाही. तिथल्या महसूल विभागापुढे करदात्याचे प्रतिनिधित्व करण्याचा एनरोल्ड एजंट हा परवाना तीन भागांच्या परीक्षेतून मिळतो. त्याला कोणतीही पदवी लागत नाही आणि अमेरिकी नागरिकत्वही लागत नाही. अमेरिकी विवरणपत्रे तयार करणारी मोठी कार्यालये आज भारतात आहेत, आणि जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे कामाची धांदल असते. त्या कामासाठी हा परवाना घेणाऱ्या वाणिज्य पदवीधरांना पूर्णवेळ परदेशी पदवीच्या खर्चाच्या अगदी लहान अंशात प्रवेश मिळतो.

खर्चाचा हिशेब

पदवीचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. सोडलेला पगार हा त्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज विसरला जाणारा भाग. समजा, करसल्लागाराच्या कार्यालयात महिना ४०,००० रुपये मिळवणारी व्यक्ती दोन वर्षे नोकरी सोडून पदव्युत्तर पदवी घेते. बुडालेला पगार ९,६०,००० रुपये. शुल्क, पुस्तके आणि शहरात राहण्याचा वाढीव खर्च मिळून २,४०,००० रुपये धरले, तर एकूण १२,००,०००. पदवीमुळे पगार महिना १०,००० रुपयांनी वाढला, तर वर्षाला १,२०,००० रुपये परत येतात. व्याज न धरताही भरपाईला दहा वर्षे लागतात. तीच व्यक्ती नोकरी सांभाळून ३६,००० रुपये खर्चाची पदविका करते आणि पगार महिना ३,००० रुपयांनी वाढतो, असे धरले तर खर्च एका वर्षात भरून निघतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहायचे असतात. पण नोकरी सोडणे आणि न सोडणे यांतील अंतर जवळजवळ कोणत्याही आकड्यांत असेच मोठे निघते.

शैक्षणिक कर्जाच्या करसवलतीबद्दलही गैरसमज आहे. १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०ई खाली वजावट मिळे ती फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही, आणि परतफेड सुरू झाल्याच्या वर्षासह जास्तीत जास्त आठ वर्षे. शिवाय ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली असल्याने, कमी दरांसाठी तिच्यात राहणाऱ्या नोकरदाराला या सवलतीचा उपयोग होत नाही. करशास्त्राच्या पदवीसाठी काढलेल्या कर्जाचा हिशेब सवलत गृहीत न धरताच मांडणे सुरक्षित.

स्वाध्याय आणि कार्यालयातील शिक्षण

मुंबईच्या करवकिलीचा इतिहास पदवीपेक्षा ज्येष्ठांच्या कार्यालयांत घडला. भारतीय आयकरावरील सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथ सर जमशेदजी कांगा आणि नानी पालखीवाला यांच्या नावाने १९५० मध्ये निघाला. पालखीवाला इंग्रजी साहित्यात एम.ए. करून मग मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायदा शिकलेले, आणि त्यांचा करकायदा पक्का झाला तो कांगांच्या चेंबरमध्ये. ही वाट आजही खुली आहे आणि कनिष्ठ वकिलासाठी ती बहुधा सर्वांत चांगली आहे. तिची अडचण एवढीच की असे चेंबर सगळ्यांना मिळत नाही. लातूर, जळगाव किंवा सावंतवाडी येथून काम सुरू करणाऱ्याच्या आसपास न्यायाधिकरणात नियमित उभा राहणारा ज्येष्ठ वकील असेलच असे नाही. अशा व्यक्तीला संघटित अभ्यासक्रमाचा लाभ महानगरातील व्यक्तीपेक्षा जास्त होतो, ही बाजूही निर्णयात धरली पाहिजे.

मर्यादा

करकायदा ज्या वेगाने बदलतो त्या वेगाने अभ्यासक्रम बदलत नाहीत. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर २००५ मध्ये आला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मूल्यवर्धित कर बहुतांश मागे पडला. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. कलमांची संख्या ५३६ झाली, क्रमांक बदलले, पूर्ववर्ष व आकारणी वर्ष या जोडीऐवजी कर वर्ष ही एकच संकल्पना आली. कलमांचे क्रमांक आणि करांचे दर पाठ करून मिळवलेली पदवी अशा वेळी शिळी होते. उत्पन्न म्हणजे काय, भांडवली व महसुली खर्चातील फरक, कायद्याचा अर्थ लावण्याचे नियम, हे ज्यांनी शिकून घेतले त्यांना नवा अधिनियम वाचायला काही आठवडे पुरतात.

वेळ आणि पारख

पदवीनंतर लगेच करविषयक उच्च शिक्षणाला जाणे बहुतेकांच्या बाबतीत घाईचे ठरते. ज्याने एकही नोटीस हाताळलेली नाही, त्याला नोटिशीवरील न्यायनिर्णय कोरडे वाटतात. आधी अधिकार देणारी पात्रता, म्हणजे सीए किंवा एलएलबी. मग दोन-चार वर्षांचे काम. आणि त्या कामात वारंवार अडवणारा एखादा प्रश्न सापडल्यावर त्या प्रश्नाला जुळणारा अभ्यासक्रम, हा क्रम सर्वांत कमी वाया जाणारा आहे. अध्यापनाकडे जाणाऱ्यांनी मात्र थांबण्याचे कारण नाही.

आवड पारखण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. पुणे किंवा मुंबई खंडपीठाचा वीस-तीस पानांचा एखादा आदेश घेऊन वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि निर्णयाचे कारण एका पानात उतरवून पाहावे. तीन-चार आदेशांनंतरही हे काम ओढूनताणून करावे लागत असेल, तर दोन वर्षे तेच करत राहण्याचा विचार थांबवलेला बरा.

अभ्यासक्रम निवडताना महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा विषयपत्रिका आणि शिकवणारे महत्त्वाचे. शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष प्रकरणे चालवणारे कोणी आहे का, प्रबंध अनिवार्य आहे का, करविषयाला एकूण किती प्रश्नपत्रिका दिल्या आहेत, हे प्रवेशाआधी विचारून घेता येते. सध्या एक प्रश्न आणखी वाढला आहे. १९६१ च्या अधिनियमाखालील वर्षांच्या आकारण्या, फेरआकारण्या आणि अपिले पुढील बराच काळ त्याच अधिनियमानुसार चालणार आहेत, तर नव्या वर्षांना २०२५ चा अधिनियम लागू आहे. फक्त जुना शिकवणारा अभ्यासक्रम कालबाह्य, आणि फक्त नवा शिकवणारा आज न्यायाधिकरणात पडून असलेल्या प्रकरणांसाठी अपुरा. दोन्ही अधिनियमांची कलमे शेजारी-शेजारी ठेवून शिकवली जातात का, हे विभागप्रमुखांना थेट विचारावे आणि शक्य तर आधीच्या तुकडीची प्रश्नपत्रिका मागून पाहावी.